शाळेत रक्तस्राव थांबवण्याची पेटी सक्तीची असावी का?

प्रश्न : एक पालक, मुलुंड

नमस्कार. गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या शाळेत मधल्या सुट्टीत खिडकीची काच फुटली आणि सहावीतल्या एका मुलाच्या हाताला मनगटाच्या वर खोल जखम झाली. प्रथमोपचार पेटी मुख्याध्यापकांच्या दालनातील कपाटात होती, कपाटाची किल्ली लिपिकांकडे होती आणि लिपिक बँकेत गेले होते. शेवटी शिपाईमामांनी खांद्यावरचा पंचा जखमेवर घट्ट दाबला आणि तो तसाच दाबून धरून मुलाला रिक्षाने रुग्णालयात नेले. मुलगा आता बरा आहे. पेटी नंतर उघडली, तेव्हा तिच्यात कापूस, आयोडीन, चार चिकटपट्ट्या आणि मुदत संपलेले मलम निघाले.

अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेतील गोळीबारात २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेले. त्यानंतर तेथील शल्यचिकित्सकांनी सामान्य नागरिकांना रक्तस्राव थांबवायला शिकवण्याचा आग्रह धरला, त्यातून २०१५ मध्ये ‘स्टॉप द ब्लीड’ मोहीम सुरू झाली आणि टेक्सास राज्याने २०१९ मध्ये कायदा करून शाळांमध्ये असे साहित्य ठेवणे बंधनकारक केले. पालक-शिक्षक संघाच्या सभेत मी ही मागणी मांडणार आहे. मात्र कार्यकारिणीतील काहींचे म्हणणे असे, की तो बंदुकांचा देश आहे, त्याचे आपल्याला काय? अशी सक्ती योग्य ठरेल का, आणि पेटीत नेमके काय असावे?

उत्तर १ : शल्यचिकित्सक, परळ

धमनी गोळीने फुटली की काचेने कापली, याने वाहणाऱ्या रक्ताला फरक पडत नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते, तर पंचवीस किलो वजनाच्या मुलाच्या शरीरात जेमतेम पावणेदोन ते दोन लिटर. त्यातले अर्धा-पाऊण लिटर गेले तरी जीव धोक्यात येतो, आणि मोठी धमनी कापली असेल तर त्याला काही मिनिटेच लागतात. १०८ ला फोन लगेच करावाच. मुंबईत २०१७ मध्ये दुचाकी रुग्णवाहिकाही सुरू झाल्या. पण ती मधली मिनिटे जवळच्या माणसाच्याच हातात असतात.

आपल्या शिपाईमामांनी जे केले, तेच पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम होय. हळद किंवा कॉफीची पूड भरू नये, दर मिनिटाला उचलून पाहू नये, दोन्ही हातांनी अंगाचा भार देऊन दाबून धरावे. खोल जखमेत गॉज (जखमेवर लावायचे जाळीदार कापड) आतपर्यंत भरून मग दाबावे लागते. तेथे कापूस नको, कारण त्याचे तंतू जखमेत चिकटतात. हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा टाळून टूर्निकेट, म्हणजे दांडी पिळून आवळायचा रुंद पट्टा, बांधावे, रक्त थांबेपर्यंत त्याची दांडी पिळावी, बांधल्याची वेळ लिहावी आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत ते सैल करू नये. ते दुखते, मूल ओरडते, आणि नेमके तेव्हाच माणसे घाबरून सोडतात. सुतळी किंवा बुटाची नाडी वापरू नये. अरुंद दोरीने नसांना इजा होते आणि रक्तही थांबत नाही. अगदी लहान मुलांच्या बारीक दंडावर मोठ्यांसाठीचे टूर्निकेट पुरेसे आवळले जाईलच असे नाही. तेथे दाबणे हाच मार्ग.

पेटीत भरपूर गॉज, दाबपट्टी, एक-दोन चांगली टूर्निकेट, हातमोजे, कपडे कापायची कात्री आणि मार्कर पेन एवढे पुरे.

उत्तर २ : निवृत्त मुख्याध्यापिका, गिरगाव

डॉक्टरांशी मी सहमत आहे, सक्तीशी मात्र नाही. अग्निशामक नळकांडे प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असते. त्याची पिन कशी काढायची हे किती शिक्षकांना सांगता येईल? सक्ती केली की तपासणीच्या दिवशी पेटी टेबलावर येते आणि दुसऱ्या दिवशी, चोरीला जाऊ नये म्हणून, पुन्हा कुलपात जाते. मीही ती कुलपातच ठेवत असे, हे कबूल करते. शिवाय अनुदानित शाळांना वेतनेतर अनुदान वेळेवर मिळत नाही, हे येथील शिक्षकांना सांगायला नको. सक्ती करायचीच असेल, तर आधी प्रशिक्षणाची करावी, आणि त्यात शिपाई व मावशींना पहिले बसवावे. कारण मूल पडते तेव्हा वर्गशिक्षक बहुधा शिक्षककक्षात असतात.

उत्तर ३ : शारीरिक शिक्षण शिक्षक, गोरेगाव

बाईंचे म्हणणे पटते, तरी प्रशिक्षण घेतलेला माणूस रिकाम्या हाताने काय करणार, हाही प्रश्न आहेच. एक सावधगिरी सांगतो. आमची शाळा आरेच्या जंगलाच्या बाजूला असून पावसाळ्यात मैदानात साप निघतात. प्रशिक्षणानंतर एका सहकाऱ्याने मोठ्या उत्साहाने विचारले, की सर्पदंशावरही हेच बांधायचे ना? नाही! सर्पदंशात आवळून बांधू नये, तो अवयव हलवू न देता थेट रुग्णालय गाठावे. ही सूचना पेटीच्या झाकणावरच मोठ्या मराठी अक्षरांत चिकटवा. दुसरे असे, की ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळणाऱ्या नकली टूर्निकेटची दांडी पिळताना मोडू शकते. पैसे कमी असतील तर एकच घ्या, पण खात्रीचे घ्या.

प्रश्नकर्त्या पालक

सर्वांचे आभार. मागणीचा मसुदा बदलला आहे. पेटी कुलपाविना, जिन्याजवळ सर्वांना दिसेल अशी असावी, आणि प्रत्येक मजल्यावर दोन प्रशिक्षित माणसे असावीत, त्यांपैकी एक शिपाई किंवा मावशी, असे त्यात लिहिले आहे. मात्र आमची शाळा दोन सत्रांत भरते आणि दुपारच्या सत्रात एकच शिपाई असतो, तोही बहुतेक वेळा फाटकावर. त्या सत्रासाठी काय तरतूद सुचवाल?