आरोग्यसेविकांना मोबाइलच्या खेळातून शिकवावं का?

निळीशाई:
माझं मत सरळ आहे: शिकवावं. दिवसभर बसवून स्लाइड दाखवल्या की निम्मं डोक्यावरून जातं. आता न्यूमोनियाची शंकाच घ्या. पडद्यावर बाळाची छाती वर-खाली होतेय, तुम्ही श्वास मोजायचे. 2 ते 11 महिन्यांच्या बाळाचे मिनिटाला 50 किंवा जास्त भरले तर श्वास जलद. वर्ष उलटलं की पाच वर्षांपर्यंत तीच मर्यादा 40. वय बदललं की आकडा बदलतो आणि गफलत तिथेच होते. खेळात ती दहादा झाली तरी कुणाच्या बाळाच्या जिवावर बेतत नाही.

कडूकारलं:
गुण कशाला देणार ते सांगा आधी. मी असा एक खेळ खेळून पाहिलाय. झटपट उत्तर दिलं की जास्त नाणी! श्वास मोजायचा असतो पूर्ण 60 सेकंद, तोही बाळ शांत असताना. तान्ह्याचा श्वास एका लयीत चालत नाही, त्यामुळे 15 सेकंद मोजून चारने गुणलं की हिशेब गंडतो. म्हणजे जी खोड मोडायची तिलाच बक्षीस.

निळीशाई:
हा बनवणाऱ्याचा दोष झाला. मिनिट भरायच्या आत उत्तर दिलं तर शून्य गुण, असंही करता येतं की.

घरोघरी:
मी हे काम करते म्हणून बोलते. पडद्यावरचं बाळ रडत नाही. खरं बाळ पाय झाडतं, आजी म्हणते "आधी दूध पाजू दे", आणि आई दवाखान्यात जायला तयार नसते, कारण घरी विचारायचं असतं. चार पर्यायांतून एक निवडून ही आई तयार होत नाही. आमच्यातलीच एक जण हट्टी सासू झाली होती, तेव्हा जे शिकले ते अजून लक्षात आहे. तोही खेळच होता, मोबाइलशिवायचा.
शिवाय गुणांची यादी सगळ्यांसमोर लावतात. चष्मा लावूनही बारीक अक्षर न दिसणारी तळाला जाते, आणि कामात तीच सगळ्यांत पक्की. आणि हे खेळायचं कधी? भेटी उरकून रात्री नऊला? तो वेळ कामात धरणार का?

निळीशाई:
यादी काढून टाका, मान्य. पण सासूचं नाटुकलं एकदाच होतं. सहा महिन्यांनी 50 की 40 असा घोळ झाला तर? उजळणीला फोन हाताशी असतो.

घरोघरी:
उजळणीला माझी ना नाही. रात्री नऊचं मात्र उत्तर दिलं नाहीत.