कला शाखेच्या प्राध्यापकांचे संशोधन, पुस्तके, नाटके: नोंद नेमकी ठेवायची कशी?

ग्रंथालय_डिचोली

नमस्कार मंडळी. महाविद्यालयातल्या कला शाखेच्या प्राध्यापकांच्या गेल्या पाच वर्षांतल्या लेखन-संशोधनाची एकत्र सूची करायचे काम ग्रंथालयाच्या गळ्यात पडले आहे. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, तिसऱ्या निकषाला ती लागेलच, शिवाय वाचनकक्षात या कामाचे प्रदर्शनही मांडायचे आहे. विज्ञानवाल्यांचे सोपे असते, डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक) घातला की लेखाचा सगळा तपशील समोर येतो. इथे मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी, इतिहास असे विभाग. कुणाचा कवितासंग्रह, कुणी कोंकणी कादंबरी मराठीत आणलेली, कुणी नाट्यस्पर्धेत दिग्दर्शन केलेले, कुणाचे वर्तमानपत्रात सदर, तर एका सरांनी रोमन लिपीतला जुना मजकूर देवनागरीत आणून टिपांसह छापलेला. यातले काय कुठल्या रकान्यात घालायचे? पुरावा म्हणून काय जोडायचे? आणि एकाच मॅडमचे आडनाव तीन पुस्तकांवर तीन तऱ्हांनी छापले आहे, त्याचे काय करायचे?

ताळगाव_पठार

सर्वांत आधी, सूची आणि गुणांचा तक्ता एकत्र करू नका. बहुतेक ठिकाणी घोळ इथेच होतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या विनियमातला, प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी व बढतीसाठी संशोधनाचे गुण मोजणारा तक्ता समोर ठेवून यादी करायला बसले की तक्त्यात न बसणारे काम कुणी लिहीतच नाही, आणि पाच वर्षांनी त्याचा मागमूस राहत नाही. सूचीत सगळे घ्या, अगदी दिवाळी अंकातली कवितासुद्धा. गुणांसाठी लागेल तेवढे त्यातून गाळून घेता येते. उलटा प्रवास होत नाही.

सूचीला हे रकाने पुरतात: छापलेले नाव जसेच्या तसे, ठरवलेले एकच प्रमाण नाव, शीर्षक मूळ लिपीत, शीर्षक रोमनमध्ये, भाषा, लिपी, प्रकार, प्रकाशक व गाव, महिना आणि वर्ष, पृष्ठे, आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) किंवा आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक), सहलेखक क्रमाने, पुराव्याच्या फाइलचे नाव. भाषा आणि लिपी वेगळी ठेवा. गोव्यात ते फार लागते, कारण कोंकणी देवनागरीतही असते आणि रोमीत, म्हणजे रोमन लिपीतही.

आता गुण. मानव्यविद्येत शोधनिबंधाला १०. पुस्तकाला राष्ट्रीय प्रकाशक असेल तर १०, आंतरराष्ट्रीय असेल तर १२. संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला ५. ग्रंथसंपादनाला ८ किंवा १०, पुन्हा प्रकाशकावर अवलंबून. अनुवादित पुस्तकाला ८, अनुवादित प्रकरणाला किंवा निबंधाला ३. दोन लेखक असले तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे दोघांच्या शोधनिबंधाचे ७-७. दोघांहून अधिक असले तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३०. दहाला तिघांनी भागून ३.३३ लिहिलेले अर्ज हमखास परत येतात.

दोन गोष्टी लोक विसरतात. चर्चासत्रात वाचलेला निबंध त्याच चर्चासत्राच्या ग्रंथात छापून आला तर दावा एकदाच करता येतो. आणि निमंत्रित व्याख्याने, निबंधवाचन व धोरण-दस्तऐवज यांचे मिळून गुण एकूण गुणांच्या ३० टक्क्यांवर जात नाहीत. राज्य किंवा विद्यापीठ पातळीवरच्या व्याख्यानाला २ गुण, त्यामुळे व्याख्यानांची चळत लावून फारसे साधत नाही. शिवाय गुण सहा गटांपैकी किमान तीन गटांतून यावे लागतात. नुसते निबंधच निबंध असतील तरी अडते.

कवितासंग्रहाचे म्हणाल तर तक्त्यात सर्जनशील लेखनाची स्वतंत्र ओळ नाही. 'शोधनिबंधांव्यतिरिक्त प्रकाशने' या गटात पुस्तक म्हणून दावा करता येतो, पण छाननी समिती तो मान्य करील याची हमी नाही. म्हणून गुण जेमतेम पुरत असतील अशा अर्जात त्या १० गुणांवर विसंबून राहू नये. गोवा विद्यापीठाच्या कोंकणी विभागातल्या माधवी सरदेसाय यांना निबंधसंग्रहासाठी २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या तक्त्याच्या हिशेबाने राष्ट्रीय पुरस्काराची किंमत ५, म्हणजे दोघांनी मिळून लिहिलेल्या एका शोधनिबंधातल्या वाट्याहूनही कमी. तक्त्याची मर्यादा कळायला एवढे उदाहरण पुरे. प्रदर्शनात मात्र असे काम पहिल्या फळीवर ठेवा.

वर्तमानपत्रातले सदर शोधनिबंध म्हणून कधीच दाखवू नका. ते विस्तारकार्यात, म्हणजे समाजासाठी केलेल्या कामात जाते. कात्रणावर वर्तमानपत्र, आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांक पेन्सिलीने लगेच लिहा व स्कॅन करा. ई-पेपरच्या दुव्यावर भिस्त ठेवू नका, जुने अंक काही काळाने उघडत नाहीत.

पडद्यामागे

नाटकाबद्दल लिहितो, कारण त्याची नोंद सर्वांत गचाळ असते. "नाट्यस्पर्धेत सहभाग" एवढ्यावर काम भागवतात. संहितालेखन, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, वेशभूषा, अभिनय ही सात वेगळी कामे आहेत, आणि एका प्राध्यापकाने त्यातली दोन केली असतील तर दोन नोंदी. संहिता दुसऱ्याची असेल तर तिचा लेखक, रूपांतर असेल तर मूळ भाषा व मूळ लेखक, प्रयोगाची तारीख, सभागृह, आयोजक, गट. गोव्याच्या कला अकादमीच्या स्पर्धेत 'अ' गट आहे की 'ब', हे लिहिलेच पाहिजे. बक्षिसाच्या प्रमाणपत्रावर कशाचे बक्षीस ते पाहा. सांघिक बक्षीस संस्थेचे असते, वैयक्तिक बक्षीस त्या माणसाचे. ही गल्लत फार होते.

पुरावा म्हणून कार्यक्रमपत्रिका ठेवा, फलक नव्हे. फलकावर बहुधा संस्था आणि लेखक-दिग्दर्शक एवढेच असते, पत्रिकेत सगळ्या तंत्रज्ञांची नावे असतात. पत्रिका नसेल तर आयोजकांचे पत्र त्याच वर्षी घ्या. मंडळाचे पदाधिकारी बदलले की पुढे पत्रावर सही करायला कुणी नसते. छायाचित्रे दोन-तीन बस झाली, त्यातल्या एकात तरी रंगमंचाची पूर्ण चौकट दिसू द्या. नेपथ्याचे आणि प्रकाशाचे काम त्याशिवाय दिसत नाही.

अप्रकाशित संहितेला आयएसबीएन नसतो, त्यामुळे ती पुस्तकांच्या यादीत घुसवू नका. हवे तर कॉपीराइट कार्यालयात नोंदवता येते, नाट्यकृतीला शुल्क ५०० रुपये. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. मात्र ही नोंद पेटंटच्या रकान्यात भरलेली दिसते, ते साफ चूक आहे. रूपांतर किंवा अनुवाद असेल तर मूळ हक्कधारकाची लेखी परवानगी फाइलला हवीच. लेखक हयात नसला तरी मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतो. कोंकणीतून मराठीत आणलेल्या त्या कादंबरीलाही हेच लागू.

जुळारी

आडनावाचा प्रश्न गोव्यात जरा जास्तच आहे. गावकर, नाईक, प्रभुदेसाई ही नावे पोर्तुगीज वळणाने एक लिहितात आणि इंग्रजी वळणाने दुसरे. 'क' साठी कुणी सी लिहितो, कुणी के. छापलेले बदलता येत नाही, ते तसेच ठेवायचे. प्रत्येकाला ओर्सिडचा (संशोधकाची ओळख पटवणारा) १६ अंकी क्रमांक काढायला लावा आणि तिथे 'इतर नावे' या जागी सगळी रूपे भरा, देवनागरी रूपसुद्धा. विनामूल्य आहे. विद्वान या संशोधकांची माहिती ठेवणाऱ्या पोर्टलवरही तेच प्रमाण नाव ठेवा.

आयएसबीएन तपासूनच चढवा. पहिल्या १२ अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचे, बेरीज करायची, आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो शेवटचा अंक. जुन्या पुस्तकांवर १० अंकी क्रमांक असतो. त्याच्यापुढे नुसते ९७८ चिकटवतात आणि शेवटचा अंक तसाच ठेवतात, तिथे घात होतो. नेहमीच्या नमुन्यातला ०-३०६-४०६१५-२ घ्या. शेवटचा २ काढून पुढे ९७८ लावा, बेरीज येते ९३, म्हणून नवा शेवटचा अंक ७. एक्स हे अक्षर १० अंकी आयएसबीएनमध्ये किंवा आयएसएसएनमध्येच येऊ शकते. १३ अंकीत दिसले तर क्रमांक चुकलाच समजा.

आणि फॉन्ट. बरीच मराठी नियतकालिके अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेली असतात. पीडीएफ दिसते छान, पण शीर्षक उचलून तक्त्यात चिकटवले की इंग्रजी अक्षरांची खिचडी. रूपांतरकाने काम होते, पण रफार भलत्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी एक घर सरकते आणि जोडाक्षरे फुटतात. शीर्षके आणि नावे हाताने टंकलेली बरी, तेवढी काही हजारांत नसतात. पुस्तकाचे मुखपृष्ठ, आयएसबीएन असलेले पान, अनुक्रमणिका आणि लेखाचे पहिले पान एवढे ३०० डीपीआयला स्कॅन करून एक पीडीएफ करा. फाइलचे नाव रोमनमध्ये, मधे जागा न सोडता. ठेवायचे संस्थेच्या खात्यावर. कुणाच्या खाजगी खात्यावर ठेवले आणि ते गृहस्थ निवृत्त झाले की सगळे दुवे मेले.

म्हापसेकर

वरच्या गुणांत एक भर. पाच वर्षांचा काळ आहे, त्यामुळे केअर यादीचा, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या संशोधन नियतकालिकांच्या यादीचा प्रश्न येईल. ती २०१९ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने बंद केल्याचे जाहीर केले. मधल्या काळातल्या निबंधासाठी नियतकालिक प्रकाशनाच्या तारखेला यादीत होते का, एवढेच पाहायचे. काही नियतकालिके मधेच काढली गेली होती, म्हणून यादीच्या पानाचे छायाचित्र तारखेसह लागते. नावात फसू नका. नामांकित मराठी त्रैमासिकांच्या नावाने आणि त्यांच्याच आयएसएसएनने नकली संकेतस्थळे निघालेली आहेत. खऱ्या अंकाची छापील अनुक्रमणिका मागवून ताडून पाहणे हाच उपाय. आयएसएसएन क्रमांक दर्जाची पावती नव्हे, तो मागेल त्याला मिळतो.

ग्रंथालय_डिचोली

देव बरें करूं, मंडळी. रोमन लिपीतून देवनागरीत आणलेल्या त्या ग्रंथाचे कोणी सांगेल का? सर म्हणतात स्वतंत्र पुस्तक, समन्वयक म्हणतात अनुवाद.

ओवी_आणि_पोथी

अनुवाद तर नक्कीच नाही, कारण भाषा बदललेलीच नाही. उदाहरण घ्या: फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांचे ते काव्य मराठीच आहे. त्याचे देवनागरीकरण म्हणजे लिप्यंतर. पण तिथे यांत्रिक काहीच नसते. त्या काळची रोमन पद्धत आजच्यासारखी नव्हती. ण की न, ळ की ल, ऱ्हस्व की दीर्घ हे संपादकाला ओवीच्या चालीवरून आणि इतर प्रती ताडून ठरवावे लागते.

तक्त्यात पाठसंपादनाला (प्रती ताडून मजकूर ठरवण्याच्या या कामाला) वेगळी ओळ नाही, म्हणून मुखपृष्ठावर आणि शीर्षकपानावर काय छापले आहे तेच चालते. 'संपादक' छापले असेल तर संपादनाचे ८ किंवा १०. 'लेखक' म्हणून दावा करायचा तर ग्रंथात तेवढे स्वतःचे लेखन हवे. सरांना विचारा: प्रस्तावना किती पानांची, कोणकोणत्या प्रती वापरल्या, पाठभेद तळटिपांत दिलेत का, शब्दसूची आहे का. प्रस्तावना मोठी आणि स्वतंत्र संशोधनाची असेल तर ती वेगळा शोधनिबंध म्हणून नियतकालिकाकडे पाठवता येते, अर्थात पुन्हा लिहून. जसाच्या तसा मजकूर दिला तर स्वतःच्याच लेखनाची नक्कल धरतात.

सूचीत प्रकार 'पाठसंपादन व लिप्यंतर' असाच लिहा, आधारप्रत कुठल्या ग्रंथालयातली, तिचा क्रमांक आणि पानांची संख्या यांसह. प्रदर्शनात मूळ रोमन पानाची प्रत आणि समोर छापलेले देवनागरी पान शेजारी ठेवा. मात्र मूळ प्रतीचे छायाचित्र मांडायला त्या ग्रंथालयाची परवानगी लागते, ती आधी मागा. परदेशातले ग्रंथालय असेल तर उत्तराला वेळ जातो.