अनुभव धागा: पुढच्या भागात खलनायक कोण? तुमचे तर्क आणि त्यांचं पुढे काय झालं

मंडळी, सुपरहिरोपटाचा पुढचा भाग येणार म्हटलं की नायक कोण हे ठरलेलंच असतं. जीव टांगणीला लागतो तो खलनायकासाठी. मग जुन्या भागाची पारायणं सुरू होतात, पाठीमागच्या भिंतीवरचं पोस्टरसुद्धा संशयास्पद वाटायला लागतं. असे तुम्ही बांधलेले तर्क इथे लिहा. खरे ठरलेले, न ठरलेले, सगळे चालतील. विनंती एकच, तर्क कशावरून बांधला ते सांगा. फुटलेली माहिती नको, सिनेमात आणि कॉमिक्समध्ये दिसलेलं लिहा. जुन्या चित्रपटांची रहस्यं इथे उघड होणार आहेत, तेव्हा ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी जपून.

*

सुरुवात मी करते. 2005 च्या 'बॅटमॅन बिगिन्स'च्या शेवटी पोलीस अधिकारी गॉर्डन पुराव्याच्या पिशवीतलं पत्त्यांमधलं जोकरचं पान पुढे करतो. त्यामुळे 'कोण'चा प्रश्न तिथेच मिटला होता. 2006 मध्ये या भूमिकेसाठी हीथ लेजरचं नाव जाहीर झालं आणि चाहत्यांमध्ये केवढा गदारोळ उठला! प्रेमकथांमधला देखणा नट, हा काय जोकर करणार, असा सूर होता. माझा दादा तेव्हा एकटा त्याच्या बाजूने भांडायचा.

पण आमचा खरा तर्क सरकारी वकील हार्वी डेंटबद्दल होता. कॉमिक्स वाचणाऱ्याला डेंट म्हणजे पुढचा टू-फेस, अर्धा चेहरा विद्रूप झालेला खलनायक, हे ठाऊकच असतं. हिशोब असा होता की या भागात त्याचा चेहरा भाजेल आणि तिसरा भाग त्याच्या नावावर होईल. 2008 मध्ये 'द डार्क नाइट'मध्ये प्रत्यक्षात काय झालं? एकाच सिनेमात त्याचं भाजणंही झालं, सूडही आणि मरणही. थिएटरमध्ये दादा नुसता माझ्याकडे बघत राहिला. तो तर्क कोसळला याचं मला आजही सुख वाटतं, कारण जोकरला जिंकायला डेंटच हवा होता. तिसऱ्या भागासाठी त्याला राखून ठेवलं असतं तर त्या शेवटाला एवढं वजन आलं नसतं.

*

माझं दुःख वेगळं आहे. सॅम रायमीच्या स्पायडरमॅनमधले डॉ. कर्ट कॉनर्स आठवतात का? एक हात नसलेले, पीटरचे म्हणजे स्पायडरमॅनचे प्राध्यापक. 2004 च्या दुसऱ्या भागात डिलन बेकर त्या भूमिकेत दिसला आणि मी ठरवूनच टाकलं की पुढे हाच लिझर्ड. कॉमिक्समध्ये हात परत उगवावा म्हणून ते सरड्यावरून बनवलेलं औषध घेतात आणि स्वतःच सरडा, म्हणजे लिझर्ड होतात, त्यामुळे तो रिकामा हात म्हणजे मला सरळ सूचना वाटली. 2007 मध्ये आले सँडमॅन आणि व्हेनम. कॉनर्स सर बिचारे ज्यातून व्हेनम घडतो तो काळा पदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली तपासत राहिले. चौथ्या भागावर आशा होती, तो जानेवारी 2010 मध्ये रद्द झाला. लिझर्ड आला 2012 मध्ये, नव्या मालिकेत, नव्या नटाला घेऊन. रिस इफान्सने काम चांगलं केलं. तरी ज्या माणसाने दोन सिनेमे संयमाने शिकवण्यात घालवले, त्याला त्याचा क्षण मिळायला हवा होता.

*

वरचा प्रतिसाद वाचून 'स्पायडरमॅन: नो वे होम'चा ट्रेलर आठवला, तोच लिझर्ड! नोव्हेंबर 2021. स्पायडरमॅन एकटा, समोरून तीन खलनायक झेपावताहेत. ब्राझीलमध्ये दाखवलेल्या आवृत्तीत क्षणभर जास्तीचं दृश्य होतं. त्यात लिझर्डचं तोंड फटका बसल्यासारखं मागे जातं आणि त्याच्या जवळपास कुणीच नाही! मी ते वेग कमी करून करून पाहिलं. ठोसा आहे, मारणारा नाही, म्हणजे कुणाला तरी चित्रातून पुसलंय. आम्ही खलनायक मोजायला बसलो होतो आणि हाती लागले नायक. डिसेंबरमध्ये आधीच्या मालिकांमधले स्पायडरमॅन, टोबी मॅग्वायर आणि अँड्र्यू गारफिल्ड, पडद्यावर आले तेव्हा आधीपासून खात्री असूनही मी जागेवरून उठून ओरडलो. ठाऊक असल्याने मजा जाते म्हणणाऱ्यांना मी हा अनुभव सांगतो.

*

माझी ताई कॉमिक्स वाचत नाही. 'द डार्क नाइट राइझेस' यायच्या आधी मी त्यातला खलनायक बेनबद्दल बोलत सुटले होते. तिने शांतपणे विचारलं, "मारियों कोतियारसारखी नटी नुसती कंपनीच्या बैठकीत बसायला कशाला घेतील?" मी तिला तालिया अल गुलची गोष्ट सांगितली, पहिल्या भागातला खलनायक रास अल गुल, त्याची मुलगी. ताई म्हणाली, झालं तर, पहिल्या भागातलं उरलेलं भांडण तिसऱ्यात मिटवायला तीच येणार. 2012 मध्ये कोतियार तालिया निघाली आणि तिची सुरी बॅटमॅनच्या बरगडीत घुसली तेव्हा ताईने माझा हात दाबला. मला मात्र बेनसाठी वाईट वाटलं. इतका वेळ धाक जमवलेला माणूस शेवटी कुणाचा तरी रक्षक ठरतो आणि झटक्यात संपतो.

*

मँडरिन, आयर्न मॅनचा कॉमिक्समधला दहा अंगठ्यांवाला शत्रू. बाकी काय लिहू! 2008 च्या पहिल्या 'आयर्न मॅन'मध्ये टोनी स्टार्कला, म्हणजे आयर्न मॅनला, पळवणाऱ्या टोळीचं नाव टेन रिंग्ज होतं. दहा अंगठ्या कुणाच्या हे कॉमिक्सवाल्यांना विचारावं लागत नाही. पाच वर्षं वाट पाहिली आणि 2013 मध्ये 'आयर्न मॅन 3'मध्ये बेन किंग्जलीचा मँडरिन निघाला भाड्याने आणलेला नट. भीती विकण्यासाठी बनवलेलं बाहुलं, ही कल्पना हुशार आहे हे मान्य. पण एवढा जुना शत्रू त्यासाठी खर्ची घालायला नको होता. 2021 मध्ये 'शांग-ची'मध्ये टेन रिंग्जचा खरा प्रमुख, टोनी लिआंगचा वेनवू पाहिला तेव्हा राग थोडा उतरला. त्याच्या डोळ्यांतला शोक पाहून वाटलं, हाच हवा होता टोनी स्टार्कसमोर.

*

मिस्टिरिओ, 2019 चा 'स्पायडरमॅन: फार फ्रॉम होम'. कॉमिक्समध्ये हा स्पायडरमॅनचा शत्रू, पण ट्रेलरमध्ये तो पीटरचा मित्र. कॉमिक्स वाचणाऱ्या कुणाचाही त्यावर विश्वास बसला नसेल. पण 'कधी उलटणार' याची वाट पाहण्यातसुद्धा वेगळी गोडी असते.

*

आता पुढचा तर्क मांडते. 2022 च्या 'द बॅटमॅन'चा, म्हणजे नव्या मालिकेचा, दुसरा भाग ऑक्टोबर 2027 साठी जाहीर झालेला आहे. पहिल्याच्या शेवटी अर्कम या वेड्यांच्या इस्पितळात जोकर दिसतो, म्हणून सगळे तिकडे बघताहेत. मी बघते एडवर्ड इलियटकडे. हा पत्रकार थॉमस वेनच्या, म्हणजे बॅटमॅन असलेल्या ब्रूसच्या वडिलांच्या, अडचणीची बातमी छापणार होता. वेनने त्याला घाबरवायला फाल्कोनी या गुंडाला सांगितलं आणि फाल्कोनीने त्याला मारूनच टाकलं. त्या भागातला खलनायक रिडलरच्या व्हिडिओत त्याच प्रसंगी 'हश' हा शब्द पडद्यावर झळकतो. कॉमिक्समधल्या हश या खलनायकाचं खरं नाव थॉमस इलियट, ब्रूसचा बालमित्र आणि शल्यचिकित्सक. आडनाव तेच. बापाच्या खुनाचा हिशोब मागणारा मुलगा ब्रूससमोर उभा राहिला, तर ब्रूसकडे उत्तर काय असेल? स्वतःही आईबापाच्या खुनातूनच घडलेला माणूस तो.

काहींना कोर्ट ऑफ आउल्स हवेत. गॉथममधल्या जुन्या धनाढ्य घराण्यांची ती गुप्त मंडळी या शहराला शोभतील हे खरं. पण त्यांच्यासाठी पहिल्या भागात काही पेरलेलं मला सापडलं नाही. कुणाला सापडलं असेल तर प्रसंगासकट लिहा, मी सिनेमा परत लावून बघते.