मदत हवी आहे: घरच्या चार्जरवर सव्वानऊचं शेड्यूल लावलंय, काही दिवशी गाडी चार्जच होत नाही

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. आम्ही हडपसरला राहतो. इलेक्ट्रिक गाडीसाठी स्वतःच्या पार्किंगमध्ये ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, बसवलाय. मंजूर भार वाढवून घेतला, मीटरपासून वेगळी वायर ओढली, अर्थिंग नवीन केलं. गाडीचं आणि चार्जरचं नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष कुठे आहे हेच अजून ठरलेलं नाही.

बायको तळेगावला रुग्णालयात दुसऱ्या पाळीला जाते. दुपारी चारला निघते, रात्री अकराच्या पुढे परत येते. जाऊन-येऊन नव्वदच्या आसपास किलोमीटर होतात. त्यामुळे दिवसाआड, म्हणजे मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी, साधारण २७-२८ युनिट भरावे लागतात. रात्री आल्या आल्या ती गन (चार्जरच्या केबलचा प्लग) गाडीला लावून ठेवते आणि चार्जरच्या अ‍ॅपमध्ये मी सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेचार असं शेड्यूल लावलंय. रात्री का नाही, असं कुणी विचारेल म्हणून सांगतो: आमच्याकडे टीओडीचा, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार दर लावणारा, स्मार्ट मीटर आहे आणि जुलै २०२५ पासून महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या युनिटवर ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. गाडीचेच महिन्याला साडेतीनशे युनिट होतात. घरचे आणि गाडीचे मिळून बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं, तिथे ही सवलत जाणवते. शिवाय दिवसा ग्रिडवर सौर वीज भरपूर असते, तेव्हाच गाडी भरावी हे मला मनापासून पटतं.

आता अडचण. दोन वेगवेगळ्या गोष्टी होतात.

एक, गुरुवारी बरेचदा गाडी सकाळी भरतच नाही. दुपारी कधीतरी चार्जिंग सुरू होतं आणि चारला निघताना जेमतेम आठ-नऊ युनिट गेलेले असतात. एकदा तर सव्वानऊला नीट सुरू झालं, मधेच लाइट गेली, अकराला आली, पण चार्जिंग काही तेव्हा पुन्हा सुरू झालं नाही.

दोन, मंगळवारी चार्जरवर ‘तयार’चा दिवा दिसतो, पण गाडी वीज घेत नाही. खाली जाऊन गाडीचं दार उघडलं की लगेच घ्यायला लागते.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर ते म्हणतात, चार्जरवाल्यांना विचारा. चार्जरवाले म्हणतात, गाडीचं सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या. ते केलं, फरक नाही. रात्री अकराला द्रुतगती मार्गाच्या बाजूला तिने एकटीने चार्जर शोधत थांबावं, हे मला नको आहे. कुणाला असा अनुभव असेल तर कृपया सांगा.

ठाण्याचा_ईव्हीवाला

एवढा घोळ कशाला? १६ अँपिअरचा सॉकेट घ्या, गाडीबरोबर आलेला पोर्टेबल चार्जर लावा आणि मधे गिझरचा टायमर टाका. शंभर टक्के चालतं.

तारतंत्री_नाशिक

वरचा सल्ला कृपया कुणी अमलात आणू नका. गिझर वीस-पंचवीस मिनिटं चालतो आणि बंद होतो. गाडी तोच प्रवाह सलग सात-आठ तास ओढते. स्वस्त टायमरचे आणि सॉकेटचे संपर्क त्यात तापतात, प्लॅस्टिक काळं पडतं, वितळतं. मी अशी वितळलेली सॉकेटं बदलली आहेत. शिवाय टायमर भार चालू असतानाच वीज तोडतो. वॉलबॉक्स आधी गाडीला ‘थांब’ असा संकेत देतो, गाडी प्रवाह शून्यावर आणते आणि मग आतला कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) उघडतो. आरसीसीबीसुद्धा (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ए टाइप हवा, आणि ६ मिलीअँपिअर डीसी गळती ओळखायची सोय चार्जरमध्ये आहे का तेही बघायला हवं. साध्या एसी टाइपला डीसी गळती नीट ओळखता येत नाही, त्यावर इथे विसंबता येत नाही.

धागाकर्ते, तुमच्या प्रश्नाकडे येतो. गुरुवारी चार्जिंग नेमकं किती वाजता सुरू होतं? ‘दुपारी कधीतरी’ नको, घड्याळातली वेळ हवी. आणि ती चार्जरच्या अ‍ॅपवर विसंबून सांगू नका, गाडीच्या अ‍ॅपमधली सूचना बघा.

धागाकर्ता

आत्ताच जुन्या सूचना शोधल्या. गाडीच्या अ‍ॅपमध्ये बिघडलेल्या प्रत्येक गुरुवारी दुपारी पावणेतीन दिसतात. चार्जरच्या अ‍ॅपमध्ये मात्र त्याच दिवसांसमोर सव्वानऊ लिहिलंय! ज्या दिवशी अकराला लाइट आली, त्या दिवशीही गाडीकडे पावणेतीनच.

तारतंत्री_नाशिक

मग चोर सापडला. सव्वानऊ आणि पावणेतीन यांत अंतर किती? साडेपाच तास. म्हणजे भारतीय वेळ आणि ग्रीनिच यांतला फरक.

माझा अंदाज असा. चार्जरच्या आतलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालतं आणि ‘हा भारतात आहे’ ही माहिती त्याला इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडून मिळते. लाइट गेली आणि आली की चार्जर काही सेकंदांत जागा होतो. राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात, गल्लीतल्या फायबरच्या पेटीला कधी त्याहून जास्त. चार्जर तेवढ्यात सर्व्हर शोधतो, मिळत नाही, आणि तो ग्रीनिचच्याच वेळेवर राहतो. त्याच्या लेखी सव्वानऊ वाजतात तेव्हा तुमच्याकडे पावणेतीन झालेले असतात. म्हणून त्याच्या नोंदीत सव्वानऊ आणि गाडीच्या नोंदीत पावणेतीन. दोघंही आपापल्या घड्याळाप्रमाणे खरंच सांगतायत.

गुरुवारच का, हे पुणेकरांना सांगायला नको. देखभालीच्या कामासाठी त्या दिवशी लाइट जाते.

खात्री करायची असेल तर सकाळी आठच्या सुमाराला गाडी जोडलेली असताना राउटर बंद करा, चार्जरचा एमसीबी (वीज तोडायचा स्विच) पाडून पुन्हा चढवा, पाच मिनिटांनी राउटर चालू करा. सव्वानऊला चार्जिंग सुरू झालं नाही तर हेच कारण. दुसऱ्या दिवशी राउटर चालू ठेवून फक्त एमसीबी पाडा. तेव्हा वेळेवर सुरू झालं तर शंकाच उरली नाही.

सांगलीची_सून

माझ्याकडेही मंगळवारसारखा त्रास होता. सोमवारी तुमची गाडी वापरात असते का?

धागाकर्ता

नाही, सोमवारी तिची सुट्टी. रविवारी रात्री गन लावली की गाडी थेट मंगळवार सकाळपर्यंत तशीच उभी असते.

सांगलीची_सून

मग गाडी गाढ झोपते. बारा व्होल्टची बॅटरी उतरू नये म्हणून बरीच उभी राहिली की आतली एकेक यंत्रणा बंद करत जाते. गन लावलेली असली, तरी इतक्या वेळाने चार्जरने हाक दिली की काही गाड्या उठत नाहीत. दार उघडलं की सगळं जागं होतं.

मी उपाय केला तो असा: चार्जरमधलं शेड्यूल काढूनच टाकलं. चार्जर ‘गन लावली की सुरू’ वर ठेवला आणि वेळ गाडीत लावली. मग गाडी आपल्या गजरावर आपणच उठते.

तारतंत्री_नाशिक

ताईंचं अगदी बरोबर, आणि यात तुमच्या दोन्ही अडचणी सुटतात. थोडं तांत्रिक सांगतो. गनमध्ये कंट्रोल पायलट नावाची एक बारीक तार असते. काही जोडलेलं नसताना तिच्यावर १२ व्होल्ट असतात, गाडी जोडली की ९, गाडीने वीज मागितली की ६. चार्जर सेकंदाला हजार ठोक्यांचा संकेत पाठवतो आणि ठोक्याच्या रुंदीवरून गाडीला कळतं की किती अँपिअर घ्यायचे: १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, ५३ टक्के म्हणजे ३२. शेड्यूल चार्जरमध्ये असेल तर तो रात्रभर ठोके देतच नाही, नुसते ९ व्होल्ट. गाडीला वाटतं इथे काही मिळायचं नाही, आणि ती झोपते. शेड्यूल गाडीत असेल तर ठोके कायम असतात, वीज कधी मागायची ते गाडी ठरवते. गाडीचं घड्याळ उपग्रहावरून आणि मोबाइल नेटवर्कवरून चालतं, तुमच्या राउटरशी त्याचा संबंध नाही. लाइट जाऊन आली तरी तिची वेळ चुकत नाही.

एकच पाहा. दोन्हीकडे शेड्यूल ठेवू नका. दोघांच्या वेळा जुळत नसतील तर कुणीच चार्ज करत नाही.

आणि गाडीत ‘सुरू’ आणि ‘बंद’ अशा वेळा आहेत, की फक्त निघायची वेळ विचारते?

धागाकर्ता

राउटरची चाचणी केली. तुम्ही म्हणालात तसंच झालं! राउटर बंद ठेवून एमसीबी पाडला तर सव्वानऊला शांतता. दुसऱ्या दिवशी राउटर चालू ठेवला तर ठोक्याला सुरू. मनापासून आभार, इतके दिवस कुणीच हे सांगितलं नव्हतं.

गाडीत फक्त निघायची वेळ आहे. चार वाजता द्यावी का?

तारतंत्री_नाशिक

चार देऊ नका. तशा गाड्या उलटा हिशेब करतात. २८ युनिटला चार तास लागणार, म्हणजे ती बाराच्या सुमाराला सुरू करणार. मधे दोन तास लाइट गेली तर भरून काढायला वेळच नाही. दीड वाजता निघायचंय असं सांगा. साडेनऊच्या आसपास सुरू होईल, सवलतीच्या वेळेत पूर्ण बसेल आणि पुढे अडीच तास हाताशी राहतील. निघायच्या वेळी एसी आधीच चालू करण्याची सोय असेल तर ती बंद करा, नाहीतर दीड वाजता रिकामी गाडी थंड होत बसेल. दीडच्या आधी लाइट गेली आणि दीडनंतर आली, तर गाडी चार्जिंग पुढे चालू ठेवते की सोडून देते, हेही एकदा तपासा. प्रत्येक गाडीचं वेगळं असतं.

धागाकर्ता

उशिरा लिहितोय, कारण मंगळवार आणि गुरुवार दोन्ही बघून मगच सांगायचं होतं. मंगळवारी दार न उघडता गाडी आपणहून सुरू झाली. गुरुवारी दहानंतर लाइट गेली, बाराच्या पुढे आली, आणि गाडीने लगेच पुन्हा वीज घ्यायला सुरुवात केली. दीड उलटून गेल्यावरही ठरवलेल्या टक्क्यांपर्यंत भरून मगच थांबली. बायको भरलेली गाडी घेऊन निघाली.

एक शंका: चार्जरच्या अ‍ॅपमधला युनिटचा हिशेब आता धरायचा का?

तारतंत्री_नाशिक

युनिट धरा, ते आतल्या मोजणीतून येतात. वेळ मात्र गाडीच्या नोंदीतली धरा. आणि हा सगळा तपशील चार्जरच्या कंपनीला लेखी कळवा. लाइट आल्यावर सर्व्हर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करणं हे त्यांच्या सॉफ्टवेअरचं काम आहे.

धागाकर्ता

चाचणीच्या दोन्ही दिवसांच्या नोंदींचे फोटो जोडून आजच मेल करतो. उत्तर आलं की इथेच लिहीन.