रोड मूव्ही : गाडी कोणाची, नजर कोणाची?

प्रश्न :
‘ईझी रायडर’ (१९६९) नुकताच पुन्हा पाहिला. दोन पुरुष मोटारसायकलींवरून अमेरिका ओलांडतात, पण स्त्रिया त्यांना भेटतात त्या कम्यूनमध्ये (सामूहिक वस्तीत), उपाहारगृहात किंवा न्यू ऑर्लिन्सच्या वेश्यागृहात, म्हणजे बहुधा मुक्कामाच्या जागी. हा दोष त्या चित्रपटाचा, की रोड मूव्ही, म्हणजे प्रवासावर बेतलेला चित्रपट, या प्रकाराचाच?

प्रतिसाद १ :
प्रकाराचा म्हणावा, तर ‘थेल्मा अँड लुईस’ (१९९१) कुठे बसवायचा? पुरुष पाहतो आणि स्त्री पाहिली जाते, असे चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५च्या निबंधात मांडले. इथे मात्र स्टिअरिंग बायकांच्या हाती आहे आणि कॅमेरा रेंगाळतो तो ब्रॅड पिटच्या उघड्या अंगावर.

प्रतिसाद २ :
केवळ ही उलटापालट मला अपुरी वाटते. (तोच देखणा तरुण पुढे पैसे घेऊन पसार होतो!) त्याहून महत्त्वाचा आरंभीचा पोलरॉइड, कारण निघण्यापूर्वी त्या दोघी स्वतःचे छायाचित्र स्वतःच काढतात. टँकरचालकाचे अश्लील हावभाव त्या वाटेत सोसतात, आणि अखेरीस त्याचा टँकरच उडवून देतात.

मूळ प्रश्नकर्ता :
पटले. तरीही ऑस्कर मिळवणारी पटकथा कॅली खूरी यांची आणि दिग्दर्शन रिडली स्कॉट यांचे असल्यामुळे, नजर नेमकी कोणाची हे दृश्यागणिक तपासावे लागेल.