मदत हवी आहे: आईचा केमो पोर्ट, गोव्यात वाळपई-साखळी भागात फ्लश कुठे होईल?

नमस्कार मंडळी. आईची केमो संपली, पण डॉक्टरांनी पोर्ट (शिरेत औषध सोडायला बसवलेली छोटी डबी आणि नळी) इतक्यात काढायचा नाही असं सांगितलंय. उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत आहे. वापर नसला तरी नळीत गुठळी होऊ नये म्हणून महिन्याला फ्लश करायचा, म्हणजे आत द्रव सोडून नळी धुवायची. तेवढ्यासाठी वाळपईहून बांबोळीच्या इस्पितळापर्यंत जायचं, म्हणजे माझी एक रजा आणि तिची दिवसभराची दमणूक.

जवळच्या एका दवाखान्यात विचारलं, तर तिथली नर्स साधी सुईच घेऊन आली! मी थांबवलं. पोर्टला ह्यूबर सुईच (पोर्टसाठीची खास टोकाची सुई) लागते, साध्या सुईने आतल्या सिलिकॉनचा तुकडा निघतो आणि पोर्ट गळू लागतो. तर साखळी, वाळपई किंवा फार तर म्हापशात पोर्टची सवय असलेली नर्स कोणाला माहीत आहे का? घरी येणारी असेल तर उत्तमच. सुई आणि हेपरिन (गुठळी होऊ न देणारं औषध) मी आणून ठेवेन.

दुसरं, चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली. माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली, फळा-पानांनी सजवायची लाकडी चौकट) आपणच बांधणार असा आईचा हट्ट. हात वर करून नारळ-सुपारीचे घड बांधताना पोर्टला ताण येतो का? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण ज्यांच्या घरी पोर्ट आहे त्यांचा अनुभव हवाय.

गाडीत मात्र तिला पुढे डावीकडे बसवतो, पट्टा डाव्या खांद्यावरून येतो आणि पोर्टवर घासत नाही. ताप-थंडी आली तर थेट इस्पितळ, हे माहीत आहे. घरगुती उपाय कृपया नकोत.