अमेरिकेतल्या खेड्यात तीन वर्षं: कुणी राहिलंय का?

प्रश्न
नवरा डॉक्टर आहे, त्याची रेसिडेन्सी (हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) जूनमध्ये संपते. जे-१ वेव्हरची, म्हणजे जे-१ व्हिसाच्या मायदेशी परतायच्या अटीतून सूट देणारी नोकरी नेब्रास्कातल्या जेमतेम बाराशे वस्तीच्या गावात मिळाली आहे. तीन वर्षं तिथेच काढायची. आजवर आम्ही शिकागोत राहिलो. मला गाडी चालवता येत नाही, एच-४ मुळे (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेला बायकोचा व्हिसा) नोकरीही नाही. मुलगी चार वर्षांची आहे. तिथे दिवस कसा जातो? खरं काय ते सांगा.

उत्तर (आयोवा, नऊ वर्षं)
अगं, आधी गाडी शिक. एच-४ वर लायसन्स मिळतं. आमच्या गावात किराण्याचं दुकान एकच, भारतीय दुकान दीड तासावर.

खेडं म्हटलं की आपल्याकडची दाट वस्ती डोळ्यांपुढे येते, तसं इथे नाही. एक मुख्य रस्ता, पोस्ट, बँक, चर्च, शाळा आणि धान्य साठवायचं उंच कोठार, ज्याला इथे एलेव्हेटर म्हणतात. त्यापुढे मका आणि सोयाबीन. १७८५ च्या कायद्याने जमीन चौरस मैलांत मोजली, म्हणून रस्तेही मैलामैलावर, सरळ रेषेत. पत्ता सांगतात तोही "दोन मैल उत्तरेला, एक पूर्वेला" असा. समोरून पिकअप आला की चालवणारा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. तू पण उचल.

पहिला हिवाळा मला फार जड गेला. पाचच्या आत अंधार, नवरा पंचवीस खाटांच्या हॉस्पिटलात ड्यूटीवर, मराठी कानावर पडायची ती फक्त फोनवर. ही शेवटची खंत अजून आहे, खोटं कशाला सांगू?

मग १० ऑगस्ट २०२० ला डेरेचो आलं, वाऱ्याचं भयंकर वादळ. उभा मका झोपला, धान्याच्या पत्र्याच्या कणग्या चेपल्या. आमच्याकडे सहा दिवस वीज नव्हती, आणि पाणी बोअरचं, म्हणजे पंपही बंद. शेजारचे शेतकरी आजोबा, स्वतःचं पीक आडवं पडलेलं असताना, दुसऱ्या दिवशी सकाळी जनरेटर घेऊन आले आणि पंप जोडून दिला. चर्चच्या तळघरात सगळ्यांचं जेवण होतं. मी मसालेभात नेला. आजींनी कृती लिहून घेतली. आता प्रत्येक पॉटलकच्या (सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायच्या जेवणाच्या) आधी त्यांचा फोन येतो, "तो पिवळा भात आणतेस ना?"

उत्तर (नॉर्थ डकोटा)
ताईंना शेजार चांगला लाभला. आमच्याकडे सगळे हसून बोलतात, पण दोन वर्षं कुणी घरी आलं नाही. मी लायब्ररीत मुलांना गोष्टी वाचून दाखवायला लागले, तेव्हा कुठे ओळखी झाल्या. मुलीला घेऊन पहिल्याच आठवड्यात लायब्ररीत जा.

दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर तिथल्या हॉस्पिटलात बाळंतपण होतं का, हे सही करण्याआधी विचारा. बऱ्याच लहान हॉस्पिटलांत होत नाही. आम्हाला ९० मैल जावं लागलं, तेही जानेवारीत. हिवाळ्यात गाडीत ब्लँकेट आणि फावडं कायम असू द्या. नोव्हेंबरात संध्याकाळी हळू चालवा, हरणं अचानक रस्त्यावर येतात.

प्रश्नकर्ती
बाळंतपणाचं डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्रीच नवऱ्याला विचारायला सांगते. घर बघताना पाणी बोअरचं आहे का तेही विचारीन. ताई, लायसन्सच्या लेखी परीक्षेला मंगळवारी जातेय.